एकोणतीसच्या पाढ्यावर एक मैल

छप्पन-सत्तावन्नच्या सुमाराची गोष्ट. बंगळूरला बसवनगुडीतल्या आमच्या हायस्कुलात मैलाची शर्यत असे, मैदानाच्या चार फेऱ्या. पहिल्या वर्षी मी तिसऱ्याच फेरीत मटकन खाली बसलो. पहिली फेरी मात्र अशी पळालो होतो की सगळं मैदान ओरडत होतं! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. वडिलांनी बजावलं, "पुढच्या वर्षी पण मधेच बसलास तर पळणं बंद. टायपिंगच्या क्लासला जायचं." आणि मला तर पळण्यावाचून दुसरं काही सुचतच नव्हतं!

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारी म्हणाले, कच्ची अंडी खा. आईनं रोज तुपातला शिरा सुरू केला, त्यानं फक्त पोट सुटलं. कामाचं बोलली ती एकटी अक्का, माझी थोरली बहीण. मॅट्रिक होऊन ती घरीच होती.

"पाढे म्हणत पळ की रे," ती म्हणाली. "पाढा तुटला की समज, फार जोरात चाललास. स्वल्प हळू कर."

रोज दिवेलागणीला मोठ्यानं पाढे म्हणायचे, ही आमच्या घरची शिस्त. त्यामुळे सगळे तोंडपाठ. सकाळी मी बागेभोवती फेऱ्या मारायचो आणि अक्का कट्ट्यावर बसून ऐकायची. "एकोणतीस चोक सोळोदरसे..." एकशे सोळाला आम्ही सोळोदरसे म्हणतो हे ऐकून कानडी पोरं खो खो हसायची. हसेनात का! दोन महिन्यांत चार फेऱ्या झाल्या तरी पाढा अखंड. काय आनंद झाला म्हणून सांगू!

शर्यतीच्या दिवशी पहिल्या फेरीला मी चक्क शेवटचा. वडिलांनी मान खाली घातली. मी आपला पुटपुटत राहिलो. तिसऱ्या फेरीत पुढचे धापा टाकू लागले आणि मी एकेकाला मागे टाकत निघालो. शेवटच्या वळणावर दोरीपलीकडून अक्का ओरडली, "आता सोड पाढा! पळ!" मग मी जो सुटलो! दुसरा आलो, दुसरा!

गवतावर पडलो तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. वर पाहिलं तर अक्का उभी, ओचा खोचलेला, चपला हातात. वळणापासून ती दोरीकडेनं माझ्या बरोबरीनं पळत आली होती. मला चिडवायला तिनं तिथंच अख्खा एकोणतीसचा पाढा घडाघडा म्हटला. कुठंही तुटला नाही. एवढ्या आनंदातही मला लाज वाटली. तू पळतेस का, असं तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.