व्हर्लन स्टॅन्सिलची झडती

"विश्वास ठेवायचा पगार मला मिळत नाही," असं व्हर्लन स्टॅन्सिल म्हणायचा. कुणी शपथ घेतली तरी हेच, कुणी रडलं तरी हेच. एकदा चर्चचे पाद्री त्याला म्हणाले, "व्हर्लन, आज पाऊस येईल असं वाटतंय," तर तो आभाळाकडे बघून तेच म्हणाला, आणि छत्री न घेता गेला.

उत्तर जॉर्जियाच्या टेकड्यांत आमच्या तीन काउंट्यांना मिळून एकच जज्ज होती. मॅबरीबाई. मंगळवारी इथं, मग डोंगरापलीकडे, मग नदीकाठच्या गावात, अशी ती आपली गाडी घेऊन फिरायची. सकाळी तिच्यापुढे बांधाची भांडणं, घटस्फोट, कधी खून. दुपारी त्याच दालनात, त्याच बाकांवर नशामुक्तीचं कोर्ट भरायचं. ज्यांच्या नशिबी तुरुंग होता त्यांना ते कोर्ट म्हणायचं, जाऊ नका, पण दोन वर्षं आमच्या नजरेखाली राहा. उपचार घ्या, काम करा, बोलावू तेव्हा लघवी तपासायला या, आणि खरं बोला. शेवटचं सगळ्यात मोठं. चुकलेल्याला तिथं माफी होती. खोटं बोलणाऱ्याला नव्हती.

त्या कोर्टाची नजर म्हणजे व्हर्लन. आधी तो शेरीफकडे शिपाई होता. डोंगरातल्या चोरट्या दारूभट्ट्या त्याने नाकाने शोधल्या होत्या. निवृत्त झाल्यावर जज्जबाईंनी त्याला घरझडतीला ठेवलं. न सांगता कुणाच्याही दारात उभं राहायचं, गाद्यांखाली, संडासाच्या टाकीत, पिठाच्या डब्यात हात घालायचा. झडतीच्या घरात तो पाणीसुद्धा प्यायचा नाही. लोक म्हणत, व्हर्लन येऊन गेला की कुत्रंही स्वतःला हुंगतं.

केंद्रा गॅडिसला तो पहिल्या दिवसापासून ओळखून होता, म्हणजे त्याला तसं वाटायचं. कोंबड्यांच्या कारखान्यात हाडं काढायच्या रांगेत उभी राहणारी, बारीक, पटकन हसणारी मुलगी. गोळ्यांच्या नादात दोनदा घसरली, आणि दोन्ही वेळा स्वतःहून येऊन सांगितलं. ती आजीकडे राहायची. आजी, जिला सगळे मिस ऑलीन म्हणायचे, पक्की बॅप्टिस्ट. तिच्या घरात दारूचं नावही चालायचं नाही. आणि होती केंद्राची सहा वर्षांची मुलगी, मेसी. केंद्रा तिसऱ्यांदा घसरली आणि खोटं बोलली, तर तुरुंग ठरलेला, आणि मेसीला तिच्या बापाची आई अलाबामाला घेऊन जाणार, हेही ठरलेलं. त्या बाईने तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती, असं केंद्रा एकदा म्हणाली होती. तेव्हाही ती हसली होती, आणि व्हर्लनला ते हसणं खटकलं होतं.

केंद्राचा रंग जांभळा होता. रोज पहाटे एका नंबरावर फोन करायचा, तिथं टेप वाजायची आणि त्या दिवसाचा रंग सांगायची. आपला रंग आला की दुपारच्या आत तपासणीला हजर. एका सोमवारी जांभळा आला. केंद्रा गेली, हसत बाटली भरून दिली, कामावर गेली. गुरुवारी उत्तर आलं. गोळ्या नाहीत. दारू.

त्याच दुपारी व्हर्लन मिस ऑलीनच्या घरी पोचला. त्याने ते घर उलटंपालटं केलं. टाकी बघितली, गाद्या बघितल्या, परसातली कोंबड्यांची खुराडी बघितली, शिलाईच्या यंत्राचं झाकण काढलं. स्वयंपाकघरात ओट्यावरचे डबे एकेक उचलून मागे बघितलं. मिस ऑलीन दारात हात बांधून उभी होती. ती एवढंच म्हणाली, की या घरात दारू सापडली तर मी ती तुझ्यादेखत पिऊन दाखवीन, आणि मग देवापाशी जाईन. काही सापडलं नाही. व्हर्लनने कोर्टाला कळवलं, घरात दारू नाही, पण मुलगी हुशार आहे, बाहेर पीत असेल. केंद्राला काउंटीच्या तुरुंगात बसवलं, मंगळवारच्या कोर्टापर्यंत.

शनिवारी तो तिला भेटायला गेला. त्याचं ते काम नव्हतं. पण कोर्टाच्या समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं, तिला समजावा, कबूल केलं तर जज्जबाई थोड्या शिक्षेवर सोडतील. असं कितीतरी जणांच्या बाबतीत झालं होतं. नाही-नाही करत राहिली, तर मग जज्जबाईंनाही इलाज नाही.

केंद्रा काचेपलीकडे नारिंगी कपड्यांत बसली होती. या वेळी ती हसत नव्हती. व्हर्लनने सगळं सांगितलं, सावकाश, तो सांगायचा तसं. ती ऐकत होती. मग म्हणाली,

"म्हणजे मी प्यायले म्हटलं, तर घरी."

"खरं बोललीस तर."

"मिस्टर व्हर्लन, मी प्यायले नाही. पण तुम्हाला ऐकायचंच असेल तर म्हणते. सांगा, काय प्यायले म्हणू? बिअर म्हणू? व्हिस्की म्हणू? तुम्हाला बरं वाटेल ते म्हणते."

"मला काही बरं वाटायचं नाही."

"दोनदा पडले तेव्हा मी स्वतः आले ना तुमच्याकडे? तेव्हा कुणी पकडलं होतं मला?"

व्हर्लनचा संशय गेला नाही. दोनदा खरं बोललेला माणूस तिसऱ्यांदा जास्त चांगलं खोटं बोलू शकतो, हे त्याने पाहिलं होतं. उठताना त्याला वाटलं, मुलगी कबूल करणार. सगळेच शेवटी करतात. आणि तेच तिच्या भल्याचं होतं, खरं असो वा नसो. हा शेवटचा विचार गाडीत बसल्यावर त्याला बोचला. खरं असो वा नसो, हे त्या कोर्टात कुणी म्हणत नसे.

रविवारी चर्चहून आल्यावर त्याची बायको विल्मा जीन स्वयंपाकघरातून ओरडली. तो धावला. ओट्यावरची काचेची बरणी फुटावी तशी उफाळली होती, झाकण छताला लागून खाली पडलं होतं, आणि भिंतीवर गुलाबी फेस ओघळत होता. पीच, अननस, चेरी, सगळी फळं फरशीवर. विल्मा जीन कपाळाला हात लावून उभी होती. नेहमी त्या बरणीवर ती नुसतं फडकं बांधायची, काल माश्या फार म्हणून तिने घट्ट झाकण लावलं होतं.

ही फळांची बरणी आमच्याकडे घरोघर होती. चर्चच्या बायकांच्या रविवारच्या वर्गात कुणीतरी सुरुवात करतं. एक वाटी रस मैत्रिणीला द्यायचा, तिने त्यात फळं आणि साखर घालायची, ओट्यावर ठेवायची, रोज ढवळायची. महिन्याने ती फळं केकवर वाढायची आणि एक वाटी रस पुढच्या मैत्रिणीला. त्यात कुणी दारू घालत नसे. साखर आणि फळं, एवढंच. वर्षानुवर्षं आम्ही ते खात आलो, आणि कुणाच्याही मनात काही आलं नाही.

व्हर्लन फेस पुसायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

तो वास त्याला ठाऊक होता. डोंगरातल्या भट्ट्यांवर आंबवलेल्या मक्याची पिंपं फुगून यायची, त्यांच्यावर असाच फेस असायचा. ज्या नाकाने त्याने इतक्या भट्ट्या शोधल्या, त्याच नाकाने तो हा वास दर रविवारी घेत आला होता, आणि त्याला फळं म्हणत आला होता.

"विल्मा जीन, तुला हा रस कुणी दिला?"

"मिस ऑलीनने. का?"

त्याला आठवलं. गुरुवारी मिस ऑलीनच्या ओट्यावर फडकं बांधलेली बरणी होती. त्याने ती स्वतः उचलली होती आणि तिच्या मागे बघितलं होतं.

त्याने सांगितलं तशी विल्मा जीन लाल झाली. म्हणाली, याला दारू म्हणायचं असेल तर सगळ्या रविवारच्या वर्गाला बेड्या घाल, आणि पाद्र्यांच्या बायकोपासून सुरुवात कर, त्या दोनदा वाढून घेतात. फ्रिजमध्ये एका वाडग्यात कालची फळं काढून ठेवलेली होती. तो टेबलाशी बसला, केकचा जाड तुकडा घेतला, आणि त्यावर ती फळं रसासकट घातली. मग आणखी घातली. बायको बघत राहिली.

सोमवारी सकाळी तो तपासणीच्या खोलीत गेला आणि म्हणाला, माझी तपासा. तिथल्या मुलीला वाटलं थट्टा आहे. व्हर्लन कधी थट्टा करत नाही, हे आठवल्यावर तिने बाटली दिली. त्याने विनवून उत्तर लवकर मागवून घेतलं, आणि मंगळवारी दुपारी ते हातात आलं: दारू.

कोर्टाआधी बंद खोलीत टेबलाभोवती सगळे बसायचे: जज्जबाई, सरकारी वकील, बचावाचा वकील, समुपदेशक बाई आणि व्हर्लन. केंद्राचं नाव आलं तेव्हा व्हर्लनने आपल्या बाटलीचं उत्तर टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. सरकारी वकिलाने आधी उत्तराकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि हळूच विचारलं, की घरी फक्त फळंच होती ना? व्हर्लनला राग आला नाही. त्या जागी तो असता तर त्यानेही तेच विचारलं असतं. पण त्या प्रश्नाची चव त्याने पहिल्यांदा घेतली. आपण चर्चचे डीकन, पाद्र्यांच्या हाताखालचे मानकरी आहोत, आपल्या तोंडाला कधी थेंब लागला नाही, हे सांगावंसं त्याला वाटलं, आणि ते सांगणं कसं ऐकू जाईल हेही त्याच क्षणी त्याला कळलं. सगळे असंच सांगतात.

जज्जबाईंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, चला, उघड कोर्टात बोलू.

दालन भरलेलं होतं. केंद्राला हातकड्यांत आणलं. मागच्या बाकावर मिस ऑलीन रविवारची टोपी घालून बसली होती, मांडीशी मेसी. आधी दोघातिघांना बोलावलं, त्यांचे आठवडे चांगले गेले होते, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग केंद्रा. जज्जबाईंनी तिला विचारलं, तू प्यायलीस का? बरणीचं तिला अजून काही माहीत नव्हतं. कबूल केलं तर ती घरी जाणार होती, आणि मुलगी तिच्याजवळ राहणार होती.

"नाही, मॅडम," केंद्रा म्हणाली. "मला ठाऊक आहे, हो म्हटलं तर बरं. पण नाही."

मग जज्जबाईंनी मिस ऑलीनला उभं केलं आणि तपासणीच्या आदल्या रविवारी काय जेवलात ते विचारलं. म्हातारीने तळलेली कोंबडी सांगितली, शेंगा सांगितल्या, बिस्किटं सांगितली. केक सांगितला. केकवर काय, असं विचारल्यावर ती सगळं समजली. तिचा चेहरा बघवेना. "माझ्या घरात दारू आली नाही," ती म्हणाली, आणि खाली बसताना तिने मेसीला जवळ ओढलं. "मी ती स्वतःच केली म्हणायची."

जज्जबाईंनी निकाल दिला तो असा. केंद्रा तुरुंगात जाणार नाही, ही घसरण धरली जाणार नाही. पण तोंडात काय जातं याची जबाबदारी तिची, हे तिने पहिल्या दिवशी मान्य केलं होतं. म्हणून तिचे स्वच्छ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातील. वर्षभराची कमाई गेली. टाळ्या वाजवायच्या की नाहीत हे कुणाला कळेना. एकाने सुरुवात केली आणि थांबला. केंद्राच्या हातकड्या काढल्या. ती व्हर्लनजवळून गेली, पण त्याच्याकडे तिने बघितलं नाही.

त्या आठवड्यात बायकांनी बरण्या चर्चमागे नेऊन ओतल्या. तिथल्या गवतात गांधीलमाश्या कितीतरी वेळ धडपडत होत्या. सगळ्यांनी ओतल्या असं सगळ्या म्हणाल्या. व्हर्लनला ते पटलं नाही. आणि रात्री पडल्यापडल्या आणखी एक गोष्ट त्याला पटत नव्हती: केंद्राला खरंच काही चव लागली नव्हती का? ज्या मुलीने नशेच्या इतक्या वाटा बघितल्या, तिच्या जिभेला हे कळलं नसेल? मग त्याला स्वतःची जीभ आठवायची, आणि तो कूस बदलायचा.

पुढच्या आठवड्यात तो झडतीला गेला. माझ्या जागी दुसरा कुणी पाठवा, असं त्याने जज्जबाईंना सांगितलं होतं. दुसरा कुणी नव्हता. केंद्रा पडवीत उभी होती, कारखान्याचे रबरी बूट अजून पायात. त्याने टोपी काढली. ती दारातून हलली नाही.

"आधी तुमचे खिसे, मिस्टर व्हर्लन."

त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"तुम्ही आत काही नेत नाही, हे मला बघायचंय. बाहेर जाताना मग तुम्ही माझं बघा."

आतून मिस ऑलीनने काहीतरी दटावलं, मोठ्या माणसाशी असं बोलू नये वगैरे. केंद्रा तशीच उभी. व्हर्लनने एकेक करून सगळे खिसे उलटे केले. चाकू, पेपरमिंटच्या गोळ्या, चर्चची किल्ली, विल्मा जीनने इस्त्री केलेला रुमाल. पडवीच्या कठड्यावर ते सगळं मांडलं. केंद्राने बघितलं, रुमाल उलगडून बघितला, आणि बाजूला झाली. त्याने घर तपासलं, एकही जागा न सोडता, टाकीसुद्धा. काही नव्हतं. बाहेर येऊन त्याने आपल्या वस्तू उचलल्या.

"पुन्हा येईन," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

तो लाल मातीच्या वाटेने आपल्या गाडीकडे चालू लागला, नेहमीसारखा सावकाश. पाठीवर त्याला नजर जाणवत होती, पण तो वळला नाही. जाळीच्या दारामागे केंद्रा उभी होती, आणि तिच्या कमरेला धरून मेसी. गाडी सुरू झाली, पेकनच्या झाडांआड वळली, धूळ बसली, तरी दोघी तिथंच उभ्या राहून बघत होत्या.