आपाचं गवत

कुवेतहून परत आलेली चार माणसं एका खोलीत बसली की चहा निवायच्या आत किस्से सुरू होतात. आमचे फोटोंचे अल्बम तिथेच राहिले, भांडीकुंडी तिथेच राहिली, बरोबर आणता आले ते किस्सेच. आणि पुरावा काहीच नसल्यामुळे प्रत्येक वेळी किस्सा थोडा वाढतो, त्याला कुणी हरकत घेत नाही!

मी स्वतः फार भरवशाची साक्षीदार नाही. तिथे असताना माझं निम्मं लक्ष आमच्या तान्ह्या सईचा ताप बघण्यात असायचं, तिला ताप नसला तरी. पण गप्पा कुठूनही निघाल्या तरी शेवटी जुबेदाआपावर येतात. आपा म्हणजे कुवेतमधल्या फिंतासला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी, दापोलीकडची फिजिओथेरपिस्ट. आणि तिथल्या वाळूतल्या गोल्फ कोर्सवर बायकांचा कप जिंकणारी पहिली भारतीय बाई! आम्ही निघालो, ती मागे राहिली. तिची एक वस्तू मात्र माझ्याकडे राहिली, आणि ती परत कधी देता येणार, देता येणार की नाही, या काळजीत माझं वर्ष गेलं.

*

आपाचा गोल्फ सुरू झाला तो फर्स्ट एडच्या पेटीमुळे. क्लबची मॅच होती. उन्हाने कुणी पडलंबिडलं तर असावी म्हणून हॉस्पिटलातून तिला बोलावलेलं. एका साहेबाची पाठ धरली. आपाने त्याला पालथं घालून पाठ मोकळी केली आणि वर ऐकवलं, “तुम्ही पाठीने मारता. कमरेने मारा.”

साहेब चिडला. “मग तूच मारून दाखव!”

आपाने जन्मात गोल्फची स्टिक धरली नव्हती. पण लहानपणी बापाच्या बागेत काठीने काजूची बोंडं पाडली होती. तिने ओढणी कमरेला आवळली आणि मारला. चेंडू कुठे गेला कुणालाच दिसेना. सगळे आसपास शोधायला लागले.

आपा म्हणाली, “इथे काय शोधताय? पुढे जा!”

*

पहिला कप मिळाला तेव्हा क्लबचे अध्यक्ष माईकवर हसत म्हणाले, “बिगिनर्स लक!”

आपाने कप घरी नेला. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. कप घेताना तिने हळूच विचारलं, “साहेब, मी अजून बिगिनरच का हो?”

मोठा कप तिच्या टीव्हीवर असायचा, धाकटा तांदळाच्या डब्यात. कुणी पुलावाची रेसिपी विचारली की आपा सांगायची, “एक चँपियन तांदूळ, दोन चँपियन पाणी.” मी तो कप उसना आणून पुलाव केला, तर त्याचा पार गिचका झाला.

माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, एक घास खाल्ला आणि म्हणाला, “हा रनर-अप दिसतोय.”

*

वाळूत गोल्फ कसा खेळतात हे इथे पुण्यात मला सारखं समजावून सांगावं लागतं. गवताचं पातंसुद्धा नाही. गोल्फमध्ये चेंडू अडकावा म्हणून मुद्दाम ठेवलेल्या वाळूच्या खड्ड्याला बंकर म्हणतात, आमचं अख्खं कोर्सच बंकर. म्हणून प्रत्येक जण हिरव्या प्लॅस्टिकच्या गवताचा एक तुकडा बरोबर बाळगतो. चेंडू जिथे पडेल तिथे तो तुकडा अंथरायचा, चेंडू त्यावर ठेवायचा, मारायचा, तुकडा उचलायचा, पुढे. आम्ही सगळे त्याला नुसतं ‘गवत’ म्हणायचो. आपा घरातून निघाली की आम्ही बाल्कनीतून ओरडायचो, “आपा, गवत घेतलंस?”

कप जिंकल्यावर आपाने बिल्डिंगमधल्या आम्हा बायकांना खेळवायचं मनावर घेतलं. शुक्रवारी सकाळी आमची वरात निघायची. मी सगळ्यात मागे. एका हातात सई, दुसऱ्या हातात छत्री, उकळलेल्या पाण्याचा थर्मास, डेटॉल, थर्मामीटर.

“काय गो बाय, खेळायला आलीस की दवाखाना काढायला?” आपा विचारायची.

मी पहिल्यांदा मारलं तेव्हा डोळे मिटून, सगळा जीव एकवटून मारलं. डोळे उघडले तर चेंडू जागच्या जागी आणि गवत लांब उडालेलं!

आपा शांतपणे म्हणाली, “गवत छान मारलंस. आता चेंडू मार.”

*

गोल्फमध्ये खड्ड्याभोवती हिरवळ असते ना, तिच्या जागी आमच्याकडे तेल मारून दाबलेली वाळू असायची. तिला ब्राऊन म्हणायचे. खेळून झालं की शेवटच्याने तिथला फरा, म्हणजे लांब दांड्याची फळी, ओढून सगळी पावलं पुसून टाकायची, म्हणजे मागच्याला सपाट मिळावी. आपा या बाबतीत फार कडक. “आपण इथे होतो हे मागच्याला दिसता कामा नये.”

आणि नेमकी त्याच ब्राऊनवर सई पहिल्यांदा चालली! मी “अगं तेल, अगं पाय” करत धावले, तोवर तिने चार-पाच पावलं टाकून बसकण मारलीसुद्धा. मला रडू येत होतं, आनंदाचं की तेलाचं ते अजून ठरलेलं नाही. सगळ्यांची पावलं पुसून झाली. मी फरा घेऊन सईच्या पावलांकडे वळले, तशी आपाने माझा हात धरला.

“राहू दे गो.”

“आणि मागचे?”

“मागचे खेळतील त्यातनं.”

मागचा साहेब आला. त्याचा चेंडू त्या इवल्याशा टाचेच्या ठशात अडकला. तो लांबून ओरडायला लागला, “हे काय आहे?”

आपाने तितक्याच लांबून उत्तर दिलं, “बंकर!”

*

मग नव्वदचा ऑगस्ट आला, इराकने कुवेत घेतलं. कोर्सवर इराकी सैनिकांच्या गाड्या उभ्या राहिल्या. आमच्या खिडक्यांचे पडदे बंद, दूध मिळेल तिथून मिलिंद आणायचा, आणि मी दाराला कान लावून बसायची. आपा मात्र रोज हॉस्पिटलात. तिथून बरंच सामान लुटून नेलेलं, कुबड्यासुद्धा उरल्या नव्हत्या. एक दिवस ती गोल्फची बॅग खांद्याला लावून जिना उतरली.

मी म्हटलं, “आपा, वेड लागलंय का? कुणाशी खेळणार आहेस?”

चौकीवर सैनिकाने बॅग उघडायला लावली. आपा म्हणाली, “काठ्या.” त्याला खरं वाटेना. हत्यारं असतील म्हणून त्याने एकेक स्टिक बाहेर काढली, फिरवून बघितली. आपा उभी राहून बघत होती. शेवटी तिच्याने राहवेना.

“पाठीने नको फिरवू,” ती खुणेने म्हणाली, “कमरेने फिरव.”

त्याने फिरवली. मग बॅग बंद करून तिला जाऊ दिलं. तिच्या सगळ्या स्टिक्स पेशंटना मिळाल्या. त्या वॉर्डातली माणसं गोल्फच्या काठ्या टेकत चालायला शिकली.

*

आमचं निघायचं ठरलं. बसने बसरा, बगदाद आणि पुढे जॉर्डनची हद्द. मी दोन बॅगा भरत होते आणि प्रत्येक वस्तू तीनदा काढत होते. वाळवंटात सईला ठेवू कुठे, जमीन तापलेली असेल, विंचू असतील, हेच माझ्या डोक्यात.

आपा खाली आली ती गवताचा तुकडा घेऊन. “हिला यावर बसव.”

“तू चल ना आपा. बसमध्ये जागा आहे.”

“आत्ता कुठे उभे राहिलेत गो ते. सोडून येऊ?”

बस सुटताना सगळे रडत होते. आपा खिडकीपाशी आली. मला वाटलं काहीतरी मोठं बोलेल. ती म्हणाली, “बाय, माझं गवत परत दे हो.”

हद्दीवरच्या छावणीत नजर पोचेल तिथवर तंबू आणि वाळू. त्यात हातभर हिरवळ, आणि हिरवळीवर सई. आजूबाजूची पोरं त्या हिरवळीवर एकेक पाय ठेवून बघायला यायची.

मिलिंदची दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. तो त्या तुकड्याकडे बघत म्हणाला, “बंगला नंतर बांधू. लॉन तर झाली.”

*

पुण्याला सासूबाईंनी आल्या आल्या सगळं धुवायला काढलं. दुसऱ्या दिवशी बघते तर गवत न्हाणीघराच्या दाराशी! मी अशी किंचाळले की सासरे पेपर टाकून उठले.

“अगं, पायपुसण्यासाठी एवढं?” सासूबाई म्हणाल्या.

मी सांगितलं कुणाचं आहे ते. त्यांनी ते उचललं.

कुवेतचा फोन लागत नव्हता. जानेवारीत लढाई सुरू झाली. मग टीव्हीवर जळणाऱ्या तेलविहिरी, भर दुपारी काळं आकाश. लढाई थांबली तरी आपाची काही खबर नाही. मी बातम्यांत बायकांचे चेहरे शोधत बसायची. माझा इथल्या गॅलरीत जीव रमत नव्हता. समुद्र नाही, वरच्या मजल्यावरून “बाय गो” नाही. सई लॉन दिसली की तिच्यावर जाऊन फतकल मारायची.

आणि सासूबाई रोज सकाळी ते गवत गॅलरीच्या कठड्यावर झटकायच्या, उन्हात टाकायच्या. सासरे एकदा म्हणाले, “अहो, आत्ता तर वाळवलंत.”

“येईल ती घ्यायला,” सासूबाई म्हणाल्या. “धूळ दिसायला नको.”

*

ती आली. दिवाळीच्या आधी, बेल न वाजवता दारात उभी. निम्मी झालेली, धुराने खोकला लागलेला. मी तिच्या गळ्यात पडले आणि पुढच्या क्षणी तिचं कपाळ चाचपलं. “ताप नाहीये गो मला,” आपा म्हणाली.

मिलिंदचे नवे साहेब इथल्या गोल्फ क्लबचे मेंबर. चँपियन आल्याचं कळल्यावर ते रविवारी आम्हा सगळ्यांना घेऊन गेले. आपाने उभ्या जन्मात खऱ्या गवतावरचं कोर्स पाहिलं नव्हतं. नजर पोचेल तिथवर हिरवंगार. ती कडेला थांबली. चपला काढल्या, एक पाय ठेवला, उचलला, परत ठेवला.

साहेबांनी स्वतःची स्टिक दिली. आपाने माझ्याकडे वळून हात पुढे केला. “माझं गवत आणलंस ना?”

माझ्या पिशवीत थर्मास होता, थर्मामीटर होता, आणि ते होतंच. तिने ते त्या सगळ्या हिरवळीवर नीट अंथरलं, चेंडू त्यावर ठेवला.

“मॅडम,” साहेब चाचरत म्हणाले, “इथे त्याची गरज नसते.”

आपाने मारला. आम्ही सगळे चेंडू कुठे जातो ते बघत राहिलो. आपाने बघितलंच नाही. तिने वाकून गवत उचललं आणि सवयीने झटकलं.

वर्षभर रोज कठड्यावर झटकलेलं ते गवत. तरी त्यातून चिमूटभर वाळू पडली.

मीही सवयीनेच ती पायाने सारखी करायला गेले. आपाने माझा हात धरला.

“राहू दे गो,” ती म्हणाली. “मागचे खेळतील त्यातनं.”