ग्लासातलं विसण

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी लोहाऱ्याच्या शाळेतल्या माझ्या इंग्रजीच्या बाईंचं नाव घेईन. धडा संपला की त्या मला उभं करायच्या आणि म्हणायच्या, "आता हेच घरी आईला कसं सांगशील, ते सांग." आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. उमरग्यातल्या एका संस्थेत दुभाष्याचं काम मिळालं, तेही बाईंनी शब्द टाकला म्हणून.

पहिलीच पाहुणी युरोपातून आलेली होती. वयानं माझ्याएवढी. आपल्याकडं घराघरांत धान्य कसं साठवतात ते तिला बघायचं होतं. संस्थेच्या सरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "कुठलंही पाणी पिऊ देऊ नकोस. ती आजारी पडली तर मी तुला विचारणार."

उमरग्याहून आम्ही काळ्या-पिवळ्या जीपनं माझ्या गावाकडं निघालो. या जीपमधून मी लहानपणापासून फिरतोय, कधी भीती वाटली नव्हती. त्या दिवशी ड्रायव्हरनं स्वतःच्या उजव्या हाताला आणखी एक माणूस बसवला, तेव्हा पाहुणीनं मला हळूच विचारलं, "गाडी नक्की कोण चालवतंय?" मी बघितलं तर स्टिअरिंग त्या नव्या माणसाच्या पुढ्यात होतं. समोरून ट्रक आला की ती डोळे मिटायची. तिचं बघून मीही मिटायला लागलो. शेजारच्या बाईनं आपलं लेकरू खुशाल तिच्या मांडीवर देऊन टाकलं. पाहुणीनं ते दोन्ही हातांनी असं आवळून धरलं, की ते रडायला लागलं.

"लगीन झालंय का हिचं?" त्या बाईनं मला विचारलं.

"नाही."

"का बरं? तिकडं बी पोरं मिळंनात का?"

सगळी जीप हसली. ते इंग्रजीत सांगायचं धाडस माझं झालं नाही.

गावात आधी वरल्या गल्लीतल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. तिथं तिनं ज्वारीच्या कणग्या बघितल्या, चहा घेतला, पाणी मात्र स्वतःच्या बाटलीतलं प्यायली. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मग आमच्या घरी आलो. आमची वस्ती गावाच्या कडेला, विहाराच्या मागं. पाहुणीला घरी आणच, असं आईनं मला चारदा सांगितलं होतं.

आई घडीचं लुगडं नेसून दारात उभी होती, हातात तांब्या आणि ग्लास. पाहुणीनं हसून हात जोडले, पिशवीतून बाटली काढली आणि दोन घोट घेतले.

आईचा पुढं केलेला हात तसाच राहिला. आईच्या लहानपणी या गावात आमच्या माणसांच्या हातचं पाणी कुणी घेत नसे. ती त्यावर फारसं बोलत नाही, पण पाणी देताना समोरच्याच्या हाताकडं बघायची तिची सवय अजून गेलेली नाही.

"काय म्हनती रं ती? आपलं पानी चालंना का?"

"तसं न्हाय आई. डॉक्टरनं सांगितलंय तिला."

"पयले बी कायतरी कारन सांगायचेच की. वरल्या गल्लीत काय पेली?"

"चहा. उकळलेला असतो म्हणून," मी घाईघाईनं म्हणालो.

आईनं हातातला तांब्या खाली ठेवला. "मंग पानी उकळलं तर?"

मी पाहुणीला विचारलं. तिनं जोरजोरात मान डोलावली.

आईनं लगेच गॅसवर पातेलं ठेवलं. बघायला जमलेल्या बायकांतून शेजारची काकू म्हणाली, "अगं, तापलेलं पानी पाजतीस व्हय पाहुनीला? बाळंतीन हाय का ती?" बायका हसल्या, आईपण हसली. हे मात्र मी पाहुणीला सांगितलं आणि तीही हसली. मला जरा हायसं वाटलं.

पाणी उकळलं, आईनं ते ग्लासात ओतून दिलं. पाहुणीला ग्लास हातात धरवेना. तिनं तो खाली ठेवला आणि कोपऱ्यातली कणगी बघायला लागली.

"भाजंल गं माय," असं म्हणत आईनं माठातून ओगराळंभर गार पाणी घेतलं आणि त्या ग्लासात ओतलं. आंघोळीच्या पाण्यात विसण घालतात, तसं. पाहुणीचं लक्ष नव्हतं.

बोललो तर आईला दुसऱ्यांदा तेच सोसावं लागणार. नाही बोललो तर या पोरीला काय होईल, कुणी सांगावं. आईला इंग्रजी कळत नाही, पण माझा चेहरा कळतो. म्हणून चेहरा हसरा ठेवून मी पाहुणीला म्हणालो, "त्यात न उकळलेलं पाणी पडलंय. पिऊ नका. नुसता ग्लास हातात धरा, मी नंतर बघतो."

तिनं ग्लासात बघितलं. मग आईकडं बघितलं. आई ओगराळं हातात धरून तिच्या तोंडाकडं बघत उभी होती.

पाहुणीनं ग्लास उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

"तहानलं व्हतं की लेकरू," आई म्हणाली. "तू काय म्हनलास रं तिला?"

"गार झालं का, विचारलं."

परतीच्या जीपमध्ये मी रस्त्याकडं बघितलंच नाही, तिच्याकडंच बघत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. रात्रभर उलट्या झाल्या होत्या.

बाई आता जळकोटला राहतात. मोबाईलवरची बारीक अक्षरं त्यांना वाचवत नाहीत, म्हणून कागदावर लिहिलं आणि तसंच टपालात टाकलं:

आदरणीय बाई,

उमरग्यात एका दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. आत आमच्या पाहुणीला सलाईन लावलं आहे. डॉक्टर म्हणतात, उन्हानं असेल, जेवणानं असेल, पाण्यानंही असेल, नक्की सांगता येत नाही. काल ती आमच्या घरी पाणी प्यायली. त्यात माठातलं होतं हे मी तिला आधी सांगितलं होतं, तरी प्यायली. सरांना मी सगळं खरं सांगितलं आहे. काम राहतं की जातं कळत नाही, पण त्याहून मला तिची काळजी वाटते. मघाशी तिची माफी मागितली, तर म्हणाली, "मी ऐकून प्यायले." मला तिथं थांबवेना, बाहेर आलो. मांडीवर कागद ठेवून लिहितो आहे, अक्षराकडं बघू नका.

आईचा सकाळपासून दोनदा फोन आला. पाहुणी नीट पोचली का, विचारते. आपल्या घरचा ग्लास तिनं रिकामा केला, हे वस्तीत सगळ्यांना सांगून झालं आहे. नीट पोचली, असं मी सांगितलं. बाई, आईची आणि तुमची कुठं गाठ पडली, तर तुम्हीही तेवढंच सांगा.

आपला विद्यार्थी