शेकाट्या नव्हता तो

"पोरगी लय हुशार हाय म्हणत्यात, पर कवा तोंड उघडंल तर शपथ," माझ्या मागे उभ्या असलेल्या, आमच्याच गटातल्या ऊसवाल्या काकांनी थर्मासचं झाकण फिरवत शेजारच्याला सांगितलं. वाऱ्यात मला ऐकू येणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. मी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही.

ऑक्टोबर संपत आला होता. पलूसहून पहाटे निघून, आंबा घाट उतरून आमचा पक्षी बघणाऱ्यांचा गट खाडीच्या मुखाशी पोचला होता. गटाचे म्होरके सुभेदार काका, कुंडलचे, फौजेतून निवृत्त. त्यांचा नियम एकच: ज्याला पक्षी दिसला त्यानंच मोठ्यानं सांगायचं, दिशा घड्याळाच्या काट्यानं. सरळ समोर बारा, उजवीकडे तीन. आणि निदान दोघांनी बघितल्याशिवाय पक्षी नोंदीत जाणार नाही.

हा नियम मी गेल्या हिवाळ्यापासून चुकवत आले होते. पहिल्याच दिवशी आटपाडीच्या तलावावर मी 'ब्लॅक-विंग्ड स्टिल्ट' म्हणाले, तेव्हा ऊसवाले काका हसून म्हणाले होते, "आवं मॅडम, आमच्या तळ्यात त्याला शेकाट्या म्हणत्यात. स्टिल्टबिल्ट लंडनला!" सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं, पण मी गप्प झाले ती झालेच. त्यानंतर मला काही दिसलं, की मी ते आपाच्या कानात सांगायची आणि ती ओरडायची. आपा म्हणजे माझ्या खालाची, मावशीची मुलगी, शाळेत शिकवते. तिचा आवाज तलावाच्या पलीकडे जातो.

आज आपा गाडीत आडवी पडली होती. घाटातल्या वळणांनी तिचे हाल केले होते.

"शेकाट्या," सुभेदार काका दुर्बिणीच्या ट्रायपॉडमागून म्हणाले. "एकटाच हाय. चला, मासं खाऊ. पाणी चढाय लागलंय."

कुणी वाकूनसुद्धा बघितलं नाही. आमच्याकडे तलावाच्या काठाला पांढराकाळा, उंच पायांचा पक्षी उभा असला, की तो शेकाट्याच असतो. थव्यानं असतात. त्यांच्यासाठी कुणी थांबत नाही. इतकी वर्षं तेच बघून काकांच्या डोळ्यांनी समुद्रावरही तेच बघितलं.

मी मात्र त्या पक्ष्याकडे बघतच होते. शेकाट्याची चोच सुईसारखी बारीक असते. याची जाड होती, काळी, खंजिरासारखी. पाय गुलाबी नव्हते, निळसर राखाडी होते. तो थोडा पळायचा, थबकायचा, पुन्हा पळायचा. मग त्यानं वाळूतून एक खेकडा ओढून काढला, आपटला आणि गिळला. मला पुस्तकाचं पान उघडायची गरज नव्हती. शाळेत असल्यापासून त्या पानावर मी कितीदा थांबले होते. आपल्या किनाऱ्यावर तो क्वचितच उतरतो.

ऊसवाले काका थर्मास पिशवीत कोंबत होते. सुभेदार काकांनी ट्रायपॉडचा एक पाय मिटला. गाडीपर्यंत जाऊन आपाला उठवून आणावं, असं एकदा मनात आलं. पण ज्या वाळूवर तो उभा होता, तिच्या दोन्ही बाजूंनी पाणी आत येत होतं. मी परत येईपर्यंत वाळू राहिली नसती, आणि तोही राहिला नसता. मग तो एकट्या मलाच दिसलेला पक्षी झाला असता, म्हणजे आमच्या गटात न दिसलेलाच.

माझी चूक होत असेल, असं मला क्षणभरही वाटलं नाही. प्रश्न फक्त आवाजाचा होता.

काकांनी ट्रायपॉडच्या दुसऱ्या पायाला हात घातला. मी दुर्बीण खाली केली.

"सुभेदार काका, थांबा!" माझा आवाज मलाच मोठा वाटला. ऊसवाले काका पिशवी तशीच धरून वळले. "शेकाट्या न्हाई तो. अकरा वाजता, दोन होड्यांच्या मधी. चोच बघा केवढी जाड हाय, पाय बघा, राखाडी हायत. क्रॅब प्लोव्हर हाय, काका. ट्रायपॉड परत मांडा, आणि दोघं-दोघं या, पाणी चढतंय."