मेमरी कार्डावरची कानपिळी

माझं लग्न सख्ख्या भावाशिवाय झालं. तो फौजेत होता. रजा ऐनवेळी रद्द झाली आणि सासरची मंडळी तारीख पुढे ढकलायला तयार होईनात. "माझ्यावाचून काही अडलं न्हाई तुमचं," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला, तो पुढे उचललाच नाही. राग आमच्या घरात सगळ्यांच्याच नाकाच्या शेंड्यावर. मी तरी कुठं कमी होते!

मग त्याच्याच तुकडीतला, शेजारच्या गावचा एक जवान रजेवर आला. परत निघायच्या दिवशी हिंगोलीच्या स्टेशनवरून तो भावासाठी काहीही न्यायला तयार होता. लग्नाची सीडी देऊन उपयोग नव्हता. तिथं ती लावणार कशावर? पण भावाच्या मोबाइलवर व्हिडिओ दिसत होता. सीडीतलं लग्न त्या मोबाइलला चालेल असं करून छोट्या कार्डात भरायचं, म्हणून मी सकाळीच आमच्या डोंगरकडा गावाहून हिंगोली गाठली.

तिथल्या मोबाइलच्या दुकानदारानं सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. अर्ध्यावर आली आणि लाइट गेली. आली, की पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा गेली. मी त्याच्यावरच डाफरले, जसं काही भारनियमन त्यानंच लावलं होतं.

"ताई, लाइटीला मी काय करू? थांबा जरा," म्हणत त्यानं वायरी उपसल्या, कॉम्प्युटरचा डबा छातीशी धरला आणि समोरच्या कापडदुकानात नेऊन ठेवला. तिथं जनरेटर होता. दुसऱ्या खेपेला मॉनिटर नेला. कापडवाल्या चाचांनी कापडाची ठाणं सरकवून जागा केली. "बैठो बेटी, कायकी तकलीफ," म्हणाले. माझा आवाज आपोआप खाली आला.

"आता पूर्ण लग्न व्हायचं न्हाई," दुकानदार म्हणाला. "गाडी सुटायच्या आत एक तुकडा होईल. कोणता करू? हार घालायचा?"

"कानपिळीचा," मी म्हणाले.

नवरदेवाचा कान पिळणं हा नवरीच्या भावाचा मान. भटजींनी भावाला हाक मारली, तेव्हा चुलतभाऊ उठला होता. आईनं त्याला हाताला धरून खाली बसवलं. "माझ्या लेकराचा मान हाय. तो आल्यावर पिळंल," ती भर मांडवात म्हणाली. वडीलधारे कुरकुरले. आई हलली नाही.

गाडी सुटायच्या आधी कार्ड जवानाच्या हातात पडलं. त्या दोन दुकानदारांचे उपकार मला फेडता आले नाहीत, आणि फेडावेत असंही वाटत नाही. काही उपकार अंगावर असलेले बरे.

पुढच्या आठवड्यात आईला फोन आला. नंबर भावाचा होता; तिनं लगेच उचलला.

"बोल की रे लेकरा," आई म्हणाली.

"चित्र लई बारीक हाय, आई," तो म्हणाला. "पण तुझा आवाज बराबर ऐकू आला."