फक्त फोर-जी

भाचीचं जमत आलेलं लग्न मी मुकुंदवाडीतल्या घरी, खुर्चीत बसून, एका बोटानं मोडलं होतं.

सायलीला पाहून गेलेली मंडळी चितेगावची. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत. उरला होता फक्त मुलाच्या वडिलांचा शब्द. "रविवारी बारापर्यंत फोनवर कळवतो," असं सांगून ते गेले. नंबर अर्थात माझा. (घरातला जबाबदार माणूस मीच, हे मीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं!)

शनिवारी माझ्या जुन्या फोनवर व्हिडिओ अडखळायला लागला. शिरलो सेटिंगमध्ये! टू-जी, थ्री-जी असला म्हातारा गोतावळा हाकलून लावला आणि निवडलं 'फक्त फोर-जी'. इंटरनेट सुसाट! "ताई, याला डोकं लागतं!" मी बहिणीला ऐकवलं.

रविवारी बारा वाजले. एक वाजला. दोन! फोन नाही. सायली आतल्या खोलीत जाऊन बसली.

"रेंज हाय ना रे?" ताईनं विचारलं.

"फुल्ल! हे बघ, शुभ सकाळचे अकरा गुलाब आलेत!"

"मग नकारच म्हणायचा," ताईनं डोळ्याला पदर लावला.

माझं डोकं सणकलं. टाइप केलं, 'आपला नकार समजला. आमच्या मुलीला स्थळांची कमी नाही!' आणि पाठवलं. लगेच दोन निळ्या खुणा!

तासाभरात दारात मोटारसायकल. मुलाचे वडील, घामाघूम.

"अवो मामा, नकार दिला कुणी? सकाळपासून बावीस डाव फोन लावला! बाई म्हणती, नेटवर्कच्या बाहेर!"

"मग... मेसेज टाकायचा की!"

"होकार काय मेसेजवर देत्यात व्हय? त्यो तोंडानं द्यायचा असतोय!"

आवाज ऐकून सायली बाहेर आली. तिनं माझा फोन ओढून घेतला.

"मामा! तुमच्या या डबड्यात फोर-जीवर नुसतं इंटरनेट चालतं. बोलणं अजून टू-जीवरूनच येतं. तुम्ही तो रस्ताच बंद केलात!"

ताईनं माझ्याकडं असं पाहिलं, की मीच नेटवर्कच्या बाहेर गेलो.

पाहुण्यांनी मात्र उंबऱ्यातूनच आवाज चढवला, "मग आता समोर ऐका. पोरगी पसंत हाय आमाला!" (चार घरांना ऐकू गेलं. ना टू-जी, ना फोर-जी!)

पत्रिका छापून आली. संपर्कासाठी सगळ्यांचे नंबर, अगदी मंडपवाल्याचासुद्धा. फक्त माझ्या नावापुढं सायलीनं छापून घेतलं होतं : 'समक्ष भेटावे'!