बाबांचं वेटिंग, माझं स्टँडबाय

गेल्या शनिवारी माझ्या सख्ख्या बाबांनी गिऱ्हाइकासमोर माझी नोकरी लपवली. तीही मी शेजारच्या स्टुलावर बसलेली असताना... आमच्या नाशिकरोडच्या तिकीट बुकिंगच्या दुकानात!

मी एका छोट्या विमान कंपनीत पायलट आहे. सत्तर सीटचं पंख्यांचं विमान, त्यातली उजवीकडची, को-पायलटची खुर्ची माझी. सहा महिने झाले. नोकरी मुंबईत, जीव नाशकात.

नव्या पायलटच्या वाट्याला उड्डाणं कमी आणि स्टँडबाय जास्त येतात. म्हणजे युनिफॉर्मला इस्त्री करून खोलीवर बसून राहायचं. कुणी आजारी पडलं, कुणाचे ड्युटीचे तास संपले की फोन येतो आणि दीड तासात विमानतळावर हजर व्हायचं. मी अंघोळीलासुद्धा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेते... हसू नका. बहुतेक दिवस तो वाजतच नाही.

दोन सुट्ट्या जोडून आल्या की टॅक्सी पकडायची आणि कसारा घाट चढून घरी यायचं. नाशिकच्या द्वारका चौकात बाबा स्कूटर घेऊन उभे असतात. "काय होतं या आठवड्यात?" ते विचारतात. मी म्हणते, "स्टँडबाय." मग घर येईपर्यंत ते गप्प. ते गप्प बसणं मला हल्ली टोचायला लागलं होतं.

तर शनिवारी दुकानात मालेगावचे शफीकचाचा आले. यंत्रमागाचा धंदा, बाबांचं जुनं गिऱ्हाईक. आता मोबाईलवर तिकीट निघतं, तरी नाशिकला आले की सवयीने आमच्याकडेच काढतात. मला बघून म्हणाले, "अरे, बिटिया कितनी बडी हो गयी! क्या करती आजकल?"

बाबा कॉम्प्युटरमधून मान वर न काढता म्हणाले, "ट्रेनिंग चल रहा है अभी."

ट्रेनिंग! चाचा बाहेर पडले आणि मी फुटले. "बाबा, लाज वाटते का तुम्हाला माझी?"

बाबा एकदम बावरले. "लाज कसली गं... तुझं अजून कन्फर्म कुठे झालंय? दर वेळी स्टँडबाय म्हणतेस. वेटिंगवाल्याने गावभर सांगू नये. उद्या चार्ट लागला अन् नाव नाही आलं तर लोक तुला विचारत बसतील. तुला त्रास होईल."

तीस वर्षं रेल्वेची तिकिटं काढलेला माणूस तो. त्याच्या लेखी स्टँडबाय म्हणजे वेटिंग लिस्ट! मला आधी हसू आलं आणि मग रडूच आलं.

डोळे पुसत सगळं समजावून सांगितलं. ते चष्मा काढून ऐकत होते. "म्हणजे तू नसलीस तर विमान जाणार नाही?"

"दुसरं कुणी नसेल तर रद्द होईल, बाबा."

"आणि तुला मुद्दाम राखून ठेवलेलं असतं? ऐनवेळच्या नडीसाठी?"

"हो."

बाबांनी टेबलावर थाप मारली. "अगं वेडे, मग हे वेटिंग नाही. हा इमर्जन्सी कोटा आहे! लोक त्याच्यासाठी साहेबाची चिठ्ठी आणतात!"

आणि तसेच उठून अनवाणी रस्त्यावर, मी त्यांच्या मागे. चाचा कोपऱ्यावर चहा पिऊन आत्ता रिक्षात बसत होते. "शफीकभाई, रुको! ट्रेनिंग नहीं... पायलट है पायलट! इमर्जन्सी कोटेवाली!" अख्खा रिक्षास्टँड वळून बघायला लागला. चाचांना कोट्याचं काही कळलं नसावं, पण ते खाली उतरले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "माशाल्लाह."

संध्याकाळी आईकडून कळलं, सहा महिने बाबा दर सोमवारी त्र्यंबकला जात होते. पोरीचं कन्फर्म होऊ दे, एवढंच मागायला. माझी काळजी तो माणूस एकटा वाहत होता आणि मी मात्र रुसून बसले होते...

आज परत खोलीवर आहे, स्टँडबाय. फोन वाजलेला नाही. बाबा, तुम्ही हे वाचाल आणि नेहमीसारखं लाइक न करता पुढे जाल, ठाऊक आहे मला. फक्त एक करा... येत्या सोमवारी त्र्यंबकला गेलात तर काही मागू नका. नुसते भेटून या.